माईकवाली पोट्टी

माझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या फ्रॉकचं कापड बाबांनी स्वतःच्या मागावर विणलं. सीताबर्डीच्या बाजारातून साटीन आणू या, असं मी म्हटलं तेव्हा ते हातातला धोटा थांबवून म्हणाले होते, "कोष्ट्याच्या पोरीनं इकत घेतलेलं कापड घालावं? मंग मी कायले बसलो हावो इथं?" त्यांनी लाल चमकतं सूत आणलं, ताणा लावला आणि विणायला बसले. पण हाताला जन्मभर लुगड्यांची सवय. कापड निघालं तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी बोटभर रुंद पिवळा काठ होता. शिंप्याने तो कापून टाकायचा, तर त्याला वाटलं ही काहीतरी नवी फॅशन असेल. त्याने तो फ्रॉकच्या घेराला खाली बरोबर बसवून दिला. अशी मी, सतरा वर्षांची, गुडघ्यापर्यंतचं लुगडं घालून ट्विस्ट गायला उभी राहिले.

हे सगळं गल्लीतल्या गणपतीपासून सुरू झालं. साठच्या दशकात नागपुरात ऑर्केस्ट्राचं वेड होतं. गणपती असो, लग्नाचं रिसेप्शन असो, कुठेही चार दिवे लागले की अकॉर्डियन आणि बोंगो आलेच. आमच्या मंडळाने गाण्यांची स्पर्धा ठेवली होती. तिला परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन आमच्या दारात उभे. ते रेल्वेत कारकून होते, अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे, अकॉर्डियन वाजवायचे आणि स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

आमचं घर म्हणजे पुढे मागाची खोली आणि मागे स्वयंपाकघर. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होते, आई बाजूला कांड्यांवर सूत भरत होती. मास्तर उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, "भजनं गाणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. मला फास्ट गाणारी पाहिजे. हिच्या आवाजात ते आहे."

आईने मान वर न करता "नको" म्हटलं. बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला. "माईक राहीन का?"

"राहील ना. दोन दोन."

"मंग होऊन जाऊ द्या."

आईने कांडी खाली ठेवली. तिने बाबांकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. बाबांना मात्र ते दिसलं नाही. त्यांना तेव्हा माईक दिसत होता.

पहिला कार्यक्रम रेल्वेच्या लोकांसाठी होता, नाताळच्या आधीच्या एका संध्याकाळी. तिथल्या बायका खरोखरीचे फ्रॉक घालणाऱ्या होत्या. ऑर्केस्ट्रातली दुसरी गायिका मुंबईहून शिवून आणलेल्या निळ्या साटीनमध्ये आली होती. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "ये बॉर्डर कहाँ से लगवाया?" मी घेर सारखा केला. स्टेजवर गेले, मास्तरांनी सूर दिला आणि मी गायले. गाणं चांगलं झालं, टाळ्याही पडल्या. पण दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या दोन बायका माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवून हसल्या, आणि त्यांच्याच शेजारी बसलेले बाबा, धोतर, कोट, टोपी अशा थाटात, त्यांच्याकडे वळून मोठ्यांदा म्हणाले, "माही पोरगी हाये!"

त्यांना वाटलं बायका खूश होऊन हसताहेत.

पुढची चारेक वर्षं मी गात राहिले आणि बाबा पुढच्या रांगेत बसत राहिले. ते टाळी नेहमी ताल सोडून वाजवायचे. गाणं संपायच्या आधीच "वन्स मोर" ओरडायचे. मध्यंतरात अनोळखी माणसाला धरून सांगायचे, "थे लाल कपड्यातली, माही पोरगी." मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. ते हसत आणि म्हणत, "तुझे वडील म्हणजे आपले पब्लिसिटी ऑफिसर आहेत." मला मात्र त्यांना पाहिलं की घाम फुटायचा. स्टेजवर हजार माणसांपुढे कंबर हलवताना लाज वाटत नव्हती असं नाही, पण ती दिव्यांत विरून जायची. बाबांची लाज विरायची नाही. ती पुढच्या रांगेत टोपी घालून बसलेली असायची.

गल्लीत मला नाव पडलं होतं, माईकवाली पोट्टी. नळावर गेलं की बायका सरकून जागा द्यायच्या. ती जागा आदराची नसायची.

एकविसाव्या वर्षी मला पाहायला उमरेडहून पाहुणे आले. आपल्यातलेच, विणकराच्या घरचे. मुलगा मात्र सरकारी कचेरीत कारकून होता, म्हणून आईने महिनाभर आधीपासून देव पाण्यात घातले होते. ऑर्केस्ट्राचा विषय काढायचा नाही, असं तिने घरात बजावून ठेवलं. बाबांना तर तिने वेगळं सांगितलं, "तुमी तोंडच उघडू नका. चहा प्या अन् मान हालवा." बाबांनी लगेच मान हलवून दाखवली.

मग ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "पोरीले गाणं येते का म्हून पुसतीनच थे. तू गाशीन तं आवाज वळखतीन. कोनी ना कोनी तुले आयकलं असन. तवा जरा बेसूर गाजो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. बिघडलं कायी त्याच्यात? गळा नाई म्हनतीन, एवढंच ना."

मी त्या दुपारी चुलीपुढे बसून बेसूर गायचा सराव केला. वाटतं तितकं ते सोपं नसतं. सूर हाताशी असताना त्याच्या शेजारी पाय टाकायचा, आणि तो सहज पडल्यासारखा दिसला पाहिजे. आई ऐकत होती. एकदा म्हणाली, "अजून थोडं," आणि तोंड फिरवून डोळे पुसले. चुलीचा धूर होता, असं तेव्हा मी धरून चालले.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मामा शाळामास्तर होते, बोलायचं काम त्यांच्याकडे होतं. एप्रिलचं ऊन, खोलीत पंखा नव्हता. मागावर चादर टाकून त्याला झाकलं होतं, जणू घरात कोणी आजारी आहे. मी पोहे दिले, खाली बसले, विचारलं त्याची उत्तरं दिली. मुलगा आपल्या चपलांकडे पाहत होता. मग मामा म्हणाले, "गाणंबिणं येतं का काही?"

"थोडं थोडं," आई म्हणाली. "भजन म्हन्ते."

मी भजन म्हटलं. ठरल्याप्रमाणे म्हटलं. वरच्या सुराला आवाज चिरकवला, खालचा अर्धवट सोडला. मामांनी संपेपर्यंत धीर धरला आणि म्हणाले, "ठीक आहे. गळा नाही, तर नाही. संसाराला गळ्याचं काय काम?"

मुलाची आईसुद्धा खुलली. "बरंच हाये बाप्पा. आमच्या शेजारची सून गाते, तं घरात भांडे तसेच पडून रायतात."

सगळे हसले. आईने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "हे खोटं हाये."

"काय खोटं?" मामांनी विचारलं.

"हे गानं. अशी नाई गात थे." बाबांची मान हलायची थांबली होती. ते सरळ मामांकडे पाहत होते. "गळा नाई म्हन्ता? माही पोरगी ऑर्केस्ट्रात गाते. अख्ख्या नागपुरात तिच्यासारखी दुसरी नाई. गा वं बाई. तुह्या खऱ्या आवाजात गाऊन दाखव यायले."

आईने चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, तसं मला वाटलं. पण आमच्या घरात धरणीला आधीच एक खड्डा होता, मागाचा, आणि तोही चादरीखाली झाकलेला. मुलगा आता चपलांकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता, पहिल्यांदाच.

मी गायले. का गायले, हे मला आजही धड सांगता येत नाही. बाबांसाठी म्हणावं, तर त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की तोंडही पाहवत नव्हतं. पण तेच भजन मी पहिल्यापासून धरलं आणि नीट गायले, वरचा सूर पूर्ण भरून. गाताना मला दिसलं की मुलाच्या आईने पदर आवळून घेतला आहे.

गाणं संपलं. मग मामांनी सावकाश विचारलं, "कुठं कुठं गाता?"

उत्तर बाबांनी दिलं. त्यांनी एकेक ठिकाण सांगितलं. गणपती मंडळं, रेल्वे, सिव्हिल लाइन्समधल्या पार्ट्या, कामठीची छावणी. प्रत्येक नावासरशी आईचा चेहरा थोडा थोडा खाली जात होता.

"फ्रॉक घालून?" मामा म्हणाले.

"हाव ना!" बाबा म्हणाले. "कापड माह्याच मागावरचं!"

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. बसची वेळ झाली म्हणाले. नंतर निरोप आला नाही, आणि उमरेडहून किंवा दुसऱ्या कुठूनही पुन्हा कोणी पाहायला आलं नाही. आई बाबांशी कितीतरी दिवस बोलली नाही. ती जेवायचं ताट ठेवायची आणि निघून जायची. एकदा बाबा तिच्या पाठीला उद्देशून म्हणाले, "थ्यानं पोरीले गळा नाई म्हनलं. अन् मी आयकून घेऊ?"  मला त्या दोन्ही गाण्यांची लाज वाटत होती. पहिल्याची जास्त की दुसऱ्याची, हे मात्र ठरवता येत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तरांची बदली झाली आणि ऑर्केस्ट्रा मोडला. त्याच सुमारास बाबांच्या मागावरही मंदी आली होती. पॉवरलूमचं कापड स्वस्त पडायचं, हातमागाचं लुगडं घेणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. अशात वडशाकडची एक नाटक कंपनी नागपुरात बायका शोधत आली. धानाची कापणी झाली की तिकडच्या गावागावांत नाटकं होतात, रात्रभर चालतात, आणि त्यांना नागपूरच्या नट्या लागतात. मालकाने माझं गाणं ऐकलं होतं. तो म्हणाला, "नाच-गाणं तर कराच, पण तोंडात भाषा आहे, डायलॉगही बोला."

मी गेले, आणि माझ्यासोबत बाबा गेले. तरण्या पोरीला एकटी कशी पाठवायची, हे निमित्त. खरं म्हणजे त्यांना नाटक पाहायचं होतं.

गाणारीला नटी व्हायला फार काही शिकवलं नाही कोणी. प्रॉम्प्टर पडद्यामागून वाक्य फेकायचा, ते झेलायचं आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं. पहिल्या हंगामात मी अंकांच्या मधे नाचले. दुसऱ्या हंगामात मला सुनेचं काम मिळालं, सासूला घराबाहेर काढणाऱ्या सुनेचं. दुष्ट बाईच्या कामाला गावाकडे कोणी बाई सहजी तयार होत नाही. मी झाले. मला वाटलं, माझ्या नावाचं जे व्हायचं ते झालंच आहे.

कुहीच्या पुढच्या एका गावात आमचं नाटक झालं. सकाळी बसची वाट पाहत आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या ओसरीवर बसलो होतो. घरधनीण कास्तकाराची बायको, पन्नाशीची, धडधाकट. तिने सगळ्यांना चहा दिला. खलनायकाला दिला, त्याने तर नाटकात दोन खून केले होते. मला दिला नाही. मला वाटलं, विसरली असेल. माझा घसा रात्रभर ओरडून सोलून निघाला होता. मी म्हटलं, "मावशी, पाणी द्या ना जरासं."

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हातारीले भाकर नाई देल्ली तुनं. तुले पानी कायले?"

मंडळी खो खो हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. पण ती हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत खरा राग होता, आणि त्या रागापुढे मला खरंच वाटायला लागलं की मी कोणाला तरी उपाशी ठेवलं आहे. मी खाली पाहिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबवता येईना.

आणि बाबा? बाबा आनंदाने उठून उभे राहिले होते. "आयकलं का? आयकलं का, काय म्हनली थे?" ते मालकाचा दंड धरून विचारत होते. "याले म्हन्तात काम! पानी नाई देत म्हन्ते!" मग त्या बाईकडे वळून, हात जोडून, "माही पोरगी हाये, बाई. लई गरीब सोभावाची हाये. नाटकात तेवढी तशी."

बाईने माझ्याकडे नीट पाहिलं, आत गेली आणि गडवाभर पाणी घेऊन आली. मी पीत असताना ती म्हणाली, "रडू नको वं. पन असं काम करत नको जाऊ. पाप लागते." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि नागपूर येईपर्यंत बाबांशी बोलले नाही. काय झालं, हे त्यांना कळेना. त्यांच्या मते तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान होता. आज मला वाटतं, त्यांचं बरोबर असेलही. पण तेव्हा मला कोणीतरी सांगायला हवं होतं की मी वाईट बाई नाही, आणि बाबांनी ते तिला सांगितलं, मला ते सांगितलं त्या बाईच्या हाताने.

नाटकांचे तीन-चार हंगाम केले. मग आवाज बसला आणि पुढे गाण्यासाठी तो कधीच पूर्ण उघडला नाही. रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमासाठी निवेदिका हवी आहे, असं कळलं तेव्हा मी अर्ज केला. बोलायला तेवढा आवाज पुरेल असं वाटलं.

आवाजाच्या चाचणीला मी दहा दिवस तयारी केली. शेजारच्या शिक्षिकेकडून शुद्ध भाषा घोटली. णचा न होऊ द्यायचा नाही, मला म्हणायचं, मले नाही. स्टुडिओत काचेपलीकडे एक वयस्क अधिकारी बसले होते. मी दिलेला उतारा वाचला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"नागपूरचीच."

"घरी आईशी कसं बोलता?"

मी हातातला उतारा पुन्हा वर धरला.

"आईशी काल शेवटचं काय बोललात? जसंच्या तसं म्हणा. माईकमध्ये."

 फ्रॉक घालून उभी राहिले तेव्हाही इतकं उघडं वाटलं नव्हतं. घरची बोली ही घरातली गोष्ट होती, फाटकं लुगडं घरात नेसावं तशी. ती घालून माईकपुढे कोण जातं? पण ते थांबले होते. मी म्हटलं, "अवं आई, मले उशीर होऊन राहिला. भाकर झाकून ठेवजो, मी आल्यावर जेवतो."

ते हसले नाहीत. म्हणाले, "हेच पाहिजे. खेड्यातल्या बायकांसाठी एक वैनी हवी आहे आम्हाला. तुम्ही वैनी."

असं मी इतक्या वर्षांत जे लपवायला शिकले होते ते विकायला बसले. संध्याकाळच्या कार्यक्रमात मी वैनी व्हायचे. धानाचं बी, लेकरांच्या लशी, चुलीचा धूर, सगळ्यावर वैनी मले-तुले करत बोलायची. पहिल्या प्रसारणाच्या दिवशी मी घरीच होते, कारण बोलणं आधीच टेप झालेलं होतं. मी आईला सांगितलं, रेडिओ लावू नको. पण बाबांनी शेजाऱ्याचा मोठा रेडिओ उचलून आणून ओट्यावर ठेवला होता आणि आवाज सगळ्यात वर केला होता. गल्ली जमली. मी स्वयंपाकघरात दार लावून बसले.

माझा आवाज सुरू झाला आणि बाहेर हशा पिकला. लोक पोट धरून हसत होते. मग एका म्हातारीचा आवाज आला. "अवं, हे तं आपल्यासारखीच बोलून राहिली! रेडिओत असंबी बोलतात का?" आणि बाबांचा. "नाई बोलत. माहीच पोरगी बोलते."

मी दोन्ही हातांनी कान झाकले. जरा वेळाने हसणं थांबलं असावं. कारण हात काढले तेव्हा बाहेर फक्त मीच बोलत होते.

वैनी खूप चालली. खाप्याला, कुहीला, जिथे जावं तिथे बायका आवाजावरून ओळखायच्या आणि हात धरायच्या. पण वैनीचं नाव झालं तरी मला तिची लाज वाटतच राहिली. त्या लाजेपोटी मी दुसरा आवाज कमावला. रेडिओच्या नावावर मला शहरात सभा-समारंभांचं निवेदन मिळायला लागलं. उद्घाटनं, सत्कार, बक्षीस समारंभ, शोकसभा. तिथे मी कोणाला चूक काढता येणार नाही अशी भाषा बोलायचे. भारदस्त, स्वच्छ, प्रत्येक ण जागच्या जागी. ऐंशीच्या दशकात नागपुरात असा आठवडा नसेल की मी कुठे ना कुठे व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात उभी नव्हते. लोक म्हणायचे, ही पुण्याची असावी. मी ते खोडून काढत नसे.

बाबांना तो आवाज आवडत नव्हता असं म्हणता येणार नाही. ते एक-दोनदा आले, मागच्या रांगेत बसले, आणि लवकर उठून गेले. मी विचारलं तर म्हणाले, "मस्त बोलते तू. मले समजत नाई, पन मस्त." त्यांनी शेजारच्या माणसाला काही सांगितलं नाही. मला हायसं वाटलं होतं.

दशकाच्या शेवटी बाबा गेले. थोडक्या आजारात, फार हाल न होता. माग आधीच विकून टाकला होता आणि खड्डा बुजवून फरशी बसवली होती. तेराव्यानंतर गल्लीतल्या विणकरांनी मंडळाच्या खोलीत शोकसभा ठेवली. बाबांसारख्या साध्या माणसासाठी कोणी शोकसभा ठेवत नाही. ती ठेवली कारण मुलगी रेडिओवर होती. आणि मुलगी रेडिओवर म्हणून कोणीतरी भाड्याने माईकही आणला होता. वीस हातांच्या खोलीत, चाळीसेक माणसांसाठी.

दोघांतिघांनी बाबांबद्दल सांगितलं. एकाने सांगितलं की काठ विणण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. एक जण फक्त रडला आणि खाली बसला. मग मला बोलावलं.

मी माईकपुढे उभी राहिले, एका हाताने त्याची उंची कमी केली, बोट आपटून पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. "उपस्थित मान्यवर, बंधू आणि भगिनींनो. आज आपण सर्व जण जड अंतःकरणाने येथे जमलो आहोत." पुढचं आपोआप आलं. मनमिळाऊ. हसतमुख. पोकळी. कधीही भरून न निघणारी. मला ऐकू येत होतं मी काय बोलते आहे ते. मला थांबायचं होतं. समोर आई भिंतीला टेकून बसली होती, पांढऱ्या पदरात, आणि मी तिच्याकडे पाहून हे सगळं म्हणत होते. एकदाही आवाज हलला नाही. कुठे थांबायचं, कुठे सूर खाली आणायचा, सगळं जागच्या जागी. शेवटी मी म्हटलं, "आता आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली अर्पण करू या," आणि सगळे उठले, आईसुद्धा, एका बाईचा हात धरून.

कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला आले. "काय बोलली वं! एकदम रेडिओवानी." "नाव काढलं बापाचं." मी हात जोडत होते. कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ज्या माणसाला माझ्या आधी रडू आलं होतं, तोसुद्धा आता डोळे कोरडे करून माझं कौतुक करत होता.

घरी आल्यावर आई पाटावर बसली. मी तिला पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही, हातात धरून बसली.

"तू कोनाबद्दल बोलून राहिली होती?" तिने विचारलं.

"बाबांबद्दल, आई."

"मले नाई वाटलं," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी तिच्याजवळ खाली बसले. सांगावं असं पुष्कळ होतं, आणि कोणत्या आवाजात सांगू तेच मला कळेना. तिने पेला बाजूला ठेवला, हात पुसले आणि रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडायला घेतले. थोड्या वेळाने मीही सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले.